फळ्यावरचा बिल्ला

सुट्टीतही खाण बघायला जाणारा खाणकामगार जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला.

आम्ही माउंट आयझाचे, खाणीवर जगणाऱ्या गावचे. तिथे बायका नवऱ्याच्या पाळीवर घड्याळ लावतात. डेसने उभं आयुष्य जमिनीखाली काढलं आणि मी वर, भोंग्याकडे कान लावून. अवेळी भोंगा झाला की हातातली भांडी सिंकमध्ये तशीच टाकून मी कितीदा फाटकापाशी धावले आहे. त्या वर्षी नाताळात त्याची शेवटची पाळी होती. मग घर विकायचं, कॅरव्हॅन घ्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, असं ठरलं होतं. तेवढे महिने सरेपर्यंत तो धडधाकट वर यावा, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी मागितलंच नव्हतं.

जुलैत आठवडाभर सुट्टी काढून आम्ही गोल्ड कोस्टला गेलो. थीम पार्कची टूम माझीच.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं, नोल?" डेस गेटपाशी म्हणाला. "या वयात उलटं टांगून घ्यायला रांगेत उभं राहायचं?"

"तुला कोण टांगतंय उलटं? पोट आडवं येईल, पट्टाच लागायचा नाही तुला."

सकाळ फार छान गेली. आमच्याकडे जुलैत हिवाळा, कोवळं ऊन होतं. पाण्याच्या घसरगुंडीवर हा गडी असा किंचाळला की पुढची पोरं वळून वळून हसली. त्याची टोपी उडाली, ती बदकांच्या तळ्यात पडली, आणि एका बदकाने तिच्यावर बसकण मारली. डेस म्हणाला, "राहू दे. त्यालाही घर झालं." मला तो इतका आवडला त्या क्षणी की मी भर गर्दीत त्याच्या गालाचा मुका घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं होत नाही फारसं.

दुपारी आम्ही 'ओल्ड लिडिया'पाशी आलो. सिमेंटचा डोंगर, त्यावर पत्र्याचा मनोरा, आणि पोटात रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाड्या. जुन्या सोन्याच्या खाणीचा देखावा होता. मी म्हटलं, ही सोडू. पण डेसला हसू आवरेना. "बघू तर दे, यांनी आमची काय थट्टा केलीय ती."

रांग एका लाकडी खोपटातून जात होती. आत मिणमिणता दिवा, आणि भिंतीवर फळा. फळ्यावर ओळीने पितळी बिल्ले.

डेस थबकला. त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, कडीतून स्वतःचा बिल्ला सोडवला आणि फळ्यावर अडकवला. बिल्ला खिळ्यावर टेकल्याचा बारीक आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

"अरे, खेळातली खाण आहे ही," मी म्हटलं.

"खाण ती खाण. बिल्ला लावल्याशिवाय माझा पाय आत पडायचा नाही, गं."

आमच्याकडे ती रीतच आहे. उतरताना प्रत्येकाने आपल्या नंबराचा बिल्ला फळ्यावर लावायचा, वर आल्यावर काढायचा. एक जरी बिल्ला उरला तरी तो माणूस आत आहे असं धरतात. सुरुंग थांबतात, शोध सुरू होतो. विसरून घरी गेलेल्याला अंथरुणातून उठवून आणतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या पाळीला बिअरचं खोकं द्यायचं. डेसवर ते खोकं द्यायची पाळी कधी आली नव्हती. त्याचा त्याला भारी तोरा.

गाडीत आम्ही दोघंच. ती हळूहळू आत शिरली. सुरुवातीला सगळं खोटंच होतं. कर्ण्यातून कुणी म्हातारा खोकत होता, प्लास्टरच्या भिंतीला सोनेरी रंग फासलेला होता. डेस खिदळत होता. मग एक वळण आलं आणि हवा बदलली. ओल्या दगडाचा वास आला. मग दुसरा वास, तिखट, घशाला धरणारा. तो मला ठाऊक होता. डेसचे कपडे धुताना तो माझ्या हातांना लागायचा.

डेसचं हसणं थांबलं.

"नोल... हा वास खोटा नाही."

"म्हणजे?"

"सुरुंगाची दारू ठासलीय इथे. खरी. कुणीतरी आता..."

तेवढ्यात सुरुंग उडाला. दणका छातीत बसला, आणि दिवे गेले. खेळातला अंधार क्षणभराचा असतो, माणसं किंचाळली की संपतो. हा संपेना. पुढच्या मागच्या गाड्यांतून कुणाचा आवाजही येईना. त्या अंधारात डेसचा हात माझ्या हातातून सुटला. मी चाचपडले. शेजारची जागा रिकामी लागली... की मला तसं वाटलं... आणि मग हात परत आला. तो थंड होता, आणि ओला.

गाडी उन्हात बाहेर आली ती डोंगराच्या दुसऱ्या बाजूला. तिथून वाट थेट दुकानात जाते. गळ्यातल्या माळा, चॉकलेटचे सोनेरी गोळे, पोरांचा गलका. ते लाकडी खोपटं पार पलीकडे राहिलं होतं, आणि आमच्या दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

बाकावर बसून मी सॉसेज रोल कागदातून सोडले. डेसने आपला हातात धरला आणि नुसता बघत राहिला.

"खा ना. गार होतंय."

मी माझा अर्धा संपवला. तेव्हा कुठे तो म्हणाला, "खातो."

त्यानंतर सगळं तसंच. मी काही विचारावं, आणि उत्तर उशिरा यावं, लांबच्या गावाला फोन लावल्यासारखं. दमला का, विचारलं. आईस्क्रीमच्या रांगेत आमचा नंबर येऊन गेला, तेव्हा म्हणाला, "नाही." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. नाक तेच, भुवईवरची खोक तीच. पण खाणीतून वर आलेल्या माणसाचे डोळे उन्हात बारीक होतात, मी जन्मभर बघत आलेय. याचे डोळे सताड उघडे होते.

निघायच्या वेळी त्याने गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. डेसने मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. कडीत बिल्ला नव्हता.

"अरे देवा, डेस! बिल्ला फळ्यावरच राहिला."

मी वाट बघितली.

"राहिला," तो म्हणाला.

"चल मग, घेऊन येऊ."

"तू जा... मला त्या बाजूला जाता यायचं नाही."

मी धावत सुटले. खोपटाच्या दाराशी चेहऱ्यावर तांबूस ठिपके असलेली, पार्ककडची तरणीताठी मुलगी उभी होती. फळ्यावरचा बिल्ला हवाय म्हटल्यावर ती हसली.

"मावशी, तो फळा म्हणजे चित्र आहे. लावून बघा हात."

मी हात लावला. खिळा नव्हता, पितळ नव्हतं. गुळगुळीत फळीवर रंगाने काढलेले बिल्ले, रंगानेच काढलेल्या त्यांच्या सावल्या. आणि खालच्या ओळीत डेसचा नंबर. त्याचाही रंग जुना, तडकलेला, कडेने पोपडे सुटलेले.

"हा... हा कधी काढला?"

"मी शाळेतून सहलीला यायचे, तेव्हापासून आहे तो असाच."

मी नखाने खरवडायला लागले. नख मोडलं, रक्त आलं. मुलगी घाबरली. मी ओरडत होते, गाडी बंद करा, माझा नवरा आत आहे. त्यांनी खरंच बंद केली. आतले सगळे दिवे लावले. त्यांचा मोठा साहेब टॉर्च घेऊन रुळांवरून टोकापर्यंत जाऊन आला. कुणालाही वाईट म्हणता येणार नाही. माझ्यापाशी बसून तो म्हणाला, "बाई, आत प्लास्टर आणि वायरी, दुसरं काही नाही." मग त्याने कुंपणापलीकडे बोट केलं. "आणि तुमचे मिस्टर ते नव्हेत का? मघापासून हात करतायत तुम्हाला."

उन्हात डेस उभा होता. हात वर होता, सारख्या वेगाने हलत होता.

काय सांगणार होते मी? म्हटलं, "हो, तेच."

पुढे सगळं ठरल्यासारखं झालं. तो खाणीवर पुन्हा गेलाच नाही, राजीनामा पाठवून दिला. सगळे म्हणाले, बरं केलं, नोलीनचा जीव भांड्यात पडला. घर विकलं, कॅरव्हॅन घेतली, आणि आता आम्ही या समुद्राकाठी असतो. तो खुर्ची टाकून बसतो. मी विचारते, तो मागाहून उत्तर देतो. रात्री पाठ करून झोपते मी. माझ्या माणसाला जिने गिळलं ती खाणसुद्धा खरी नव्हती, याचं मला फार रडू येतं.

मग आवाज सुरू झाला. भर सकाळी, मी बशा विसळत असताना, सिंकखालच्या पाइपातून. ठक, ठक, ठक. जरा खंड. पुन्हा ठक, ठक, ठक. खाणीत कोंडलेला माणूस असाच ठोकतो. दगडाने, पाइपावर, वरच्यांना कळावं म्हणून. आमच्या गावात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

मी नळ बंद केला. आवाज चालूच. कॅरव्हॅनचा पाइप एका टाकीशी जोडलेला, दोन हात लांब. तो कुठे जात नाही.

दारात तो उभा होता. ऐकत होता. बऱ्याच वेळाने बोलला.

"उत्तर देऊ नकोस, नोल... थकेल तो."

कितीतरी सकाळी मी उत्तर दिलं नाही. भीती वाटायची. ठोके हळू होत चालले, मध्ये मध्ये चुकायला लागले. काल मात्र मला राहवलं नाही. तो बाहेर खुर्चीवर होता. मी चमचा घेतला आणि पाइपावर ठोकलं. ठक, ठक, ठक.

क्षणभर सगळं गप्प. आणि मग खालून असा वर्षाव सुरू झाला, वेडावाकडा, घाईघाईचा, दोन्ही हातांनी ठोकल्यासारखा, की मी जमिनीवर बसून पाइपाला गाल लावला आणि ओरडले, "आहे मी, डेस! मी आहे इथे!"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं कॅरव्हॅनच्या मागे गेली. ठोके मध्येच तुटले.

नंतर तो आत आला. टॉवेलला हात पुसत होता. "काय गं, जमिनीवर बसून कुणाची पूजा चाललीय?" तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग चहा टाक. घसा सुकलाय." लगेच म्हणाला. माझा शब्द संपायच्या आत त्याचा शब्द, आणि अगदी डेस हसायचा तसा हसला.

मी उठले आणि किटली ठेवली. आता दुसऱ्या कुणासाठी ठेवणार होते? टॉवेल त्याने टेबलावर टाकला होता. त्यावर काळी, ओली माती होती, आणि आमच्या कॅरव्हॅनभोवती, नजर जाईल तिथवर, नुसती पांढरी कोरडी वाळू आहे.