काळी दोनमधला पंखा

ती दुकानात शिरली तेव्हा तो काउंटरपाशी उभा होता. डोळे मिटलेले, आणि कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा कानाशी धरलेला. पंखा गरगर फिरत होता. याच्या चेहऱ्यावर मात्र असा भाव, की पलीकडून कोणीतरी त्याला पहिला नंबर आल्याची बातमी देतंय.

"लागला का फोन?" तिने विचारलं.

त्याने एक डोळा उघडला. "काळी दोन."

"काय?"

"हा पंखा काळी दोनमध्ये गातोय. पेटीवर असते ना, दुसरी काळी पट्टी, तिच्यात. आधीचा नुसताच लोंबकळत होता, धड या सुरात नाही, धड त्या सुरात नाही. तसला पंखा घरात ठेवला तर माणूस सहा महिन्यांत बेसूर होतो."

"आणि थंड करतो का?"

"ते... अजून विचारलेलं नाही."

"हे संगीत करतात," दुकानदार काका तिला हळूच म्हणाले. कोणाला साखर आहे हे सांगावं तशा आवाजात. "मागच्या आठवड्यात अकरा पंखे ऐकले. एक नेला नाही."

तिला हसू आलं, पण हसायला वेळ नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी तिने स्टुडिओतली फिल्म एडिटरची नोकरी सोडली होती. तिथले सर तिने कापलेल्या फिल्मवर स्वतःचं नाव घालायचे आणि तिला 'बाळ' म्हणायचे. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. आता एका दाताच्या डॉक्टरांचं काम हाताशी आलं होतं. त्यांचे सात दवाखाने. बाहेर ताटकळणाऱ्या पेशंटसाठी 'दाढ काढण्यापूर्वी' नावाची तीन मिनिटांची फिल्म हवी होती. शनिवारी पाचच्या आत पोचली आणि आवडली, तर वर्षभराचं काम तिचं. नाहीतर काम सरांकडे, आणि ती परत 'बाळ'. आज गुरुवार होता, आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरने गेल्याच आठवड्यात कायमचे डोळे मिटले होते.

तिने यादी पुढे केली. काकांनी एकेक खोका काढला. प्रोसेसर, मदरबोर्ड, चौसष्ट जीबी रॅम, भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. शेवटी एक छोटंसं, पांढरंशुभ्र, गोजिरवाणं कॅबिनेट.

पंखेवाल्याने पंखा खाली ठेवला. "हे कार्ड या कॅबिनेटमध्ये मावणार नाही."

"मोजलंय मी."

"कशाने?"

"टेपने. माझे वडील शिंपी आहेत. आमच्या घरात मापाची चूक होत नाही."

"तरीपण..."

"तुम्ही पंखे ऐका ना."

त्याने खिशातून पेन काढून तिच्या खोक्यावर आपला नंबर लिहिला. "मावलं नाही तर फोन करा."

"गरज पडणार नाही."

"तर मग मावलं हे सांगायला करा," तो म्हणाला आणि परत डोळे मिटून उभा राहिला.

काकांनी तिच्यामागोमाग शटर ओढलं. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दुकान सोमवारपर्यंत बंद.

घरी आल्यावर कार्ड तीन बाजूंनी छान बसलं. चौथ्या बाजूने चार सेंटिमीटर बाहेर राहिलं.

बाबांनी मशीनवरून उठून येऊन पाहिलं. कॅबिनेटभोवती एक चक्कर मारली. "कमरेत घट्ट आहे. पाठीतून उसवू का?"

"बाबा, पत्रा आहे तो!"

"मग माप कुठून घेतलंस?"

"स्क्रीनवरून... त्या जुनाट लॅपटॉपवर. कार्डाचा फोटो शंभर टक्क्यांवर ठेवला आणि टेप लावली. शंभर टक्के म्हणजे खराच आकार ना? आम्ही फिल्म तशीच तपासतो."

चाळीस वर्षांचा धंदा बाबांच्या डोळ्यांपुढून सरकून गेला. "बाळा," ते अखेर म्हणाले, "मी फोटोवरून मापं घेतली असती तर अर्धं गाव पडदे गुंडाळून फिरलं असतं."

तिने आणखी चार दुकानांत फोन केले. मोठं कॅबिनेट मागवावं लागेल, बुधवारी येईल. बुधवार! मग तिने खोक्यावरचा नंबर फिरवला.

"मी... दुकानातली."

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"किती सेंटिमीटर बाहेर आहे?"

"...चार."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"तुम्ही हसताय?"

"नाही. मी हसलो की आवाज वरच्या पट्टीत जातो. पत्ता सांगा."

तासाभराने बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात एक घामाघूम तरुण, पुढ्यात बाबागाडी, गाडीत काहीतरी दुपट्यात गुंडाळलेलं.

आई विरघळली. "अगंबाई! केवढंय?"

"तीन वर्षांचं," तो म्हणाला. "जड आहे म्हणून बहिणीकडून गाडी मागून आणली."

"झोपलंय?"

"बंद करून आणलंय."

आईने दुपट्याचं टोक उचललं, आत पाहिलं, आणि टोक जपून पुन्हा होतं तसं खोचलं. "काळं असलं तरी तब्येतीने चांगलं आहे," असं म्हणून ती आत निघून गेली.

ते त्याचं स्वतःचं कॅबिनेट होतं. आतून जाड फोम लावलेलं, आवाज बाहेर फुटू नये म्हणून. त्यात तिचं कार्ड मावलं असतं आणि शेजारी एखादी उशीही.

"मग तुमचा कॉम्प्युटर?"

"माझं सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलंय. चालतो. फक्त कांदा चिरताना जपावं लागतं. आणि आवाज इतका येतो की रेकॉर्डिंग बंद."

"म्हणजे तुमचं काम..."

"मला तसंही एका जाहिरातीसाठी 'ताजंतवानं' संगीत करायचं होतं. तीन दिवस ताजंतवानं वाटतच नाहीये. टॉर्च धरा."

ते दोघं जमिनीवर बसले. तो मदरबोर्डाचे स्क्रू पिळत होता, ती उजेड दाखवत होती. त्याच्या भुवया कुठल्याशा तालात वर-खाली होत होत्या. कानामागे एक पेन्सिल होती, आणि ती तिथे आहे हे तो साफ विसरलेला दिसत होता...

"टॉर्च स्क्रूवर धरा."

"स्क्रूवरच तर आहे."

"माझ्या डोळ्यात आहे."

तिने टॉर्च खाली केली. कान गरम झाले. प्रोसेसरवर लावायच्या पेस्टचा एक ठिपका तिच्या गालावर उडाला होता. त्याने हात पुढे केला, मधेच थांबवला आणि फडकं दिलं. "ती... उष्णता वाहून नेते," तो म्हणाला. "गालावर काही उपयोग नाही." तिला मात्र उपयोग होतोय असं वाटलं.

कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. शुक्रवारी दुपारपर्यंत तिची फिल्म कापून झाली. ती त्याने परत येऊन, शेजारी बसून पाहिली.

"चित्र छान. संगीत कुठलं लावलंय?"

"इंटरनेटवरचं. 'शांत सकाळ'."

"आणि आतल्या खोलीतून ड्रिलचा आवाज आल्यावर त्या सकाळीचं काय होणार?"

तिने विचारच केला नव्हता. पेशंट बाहेर बसून फिल्म बघणार, आणि ऐन 'घाबरू नका' या वाक्यावर आतून घूंऽऽ!

"संगीत ड्रिलच्या सुरात बांधू," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पंखा ऐकतानाचा भाव आला. "आतून आवाज आला की तो गाण्यातच मिसळेल. पण ड्रिलचा सूर कळायला हवा."

म्हणून दोघं मायक्रोफोन घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तत्त्वाचे पक्के निघाले. "रिकामं ड्रिल वेगळं वाजतं, दातावरचं वेगळं. खरा सूर हवा तर दात लागेल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिचे दात उत्तम होते. लहानपणापासून त्याची बक्षिसं मिळालेली.

"माझी एक दाढ... थोडीशी ठणकते," तो म्हणाला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आत्तापासून."

खुर्चीत आडवा होऊन, आ वासून, तो डोळ्यांनी तिला मायक्रोफोन जरा डावीकडे घ्यायला सांगत होता. दाढ खरंच किडलेली निघाली. ड्रिल दाढेला टेकलं तेव्हा खुर्चीच्या हातावरची त्याची बोटं घट्ट आवळली, आणि तिने दुसरा हात पुढे करून ती धरली. रेकॉर्डिंग चार मिनिटांचं झालं. लागणार होतं वीस सेकंदांचं. पण थांबा असं कोणीच म्हणालं नाही.

"पांधली चाल," बाहेर आल्यावर तो सुन्न झालेल्या तोंडाने म्हणाला. म्हणजे ड्रिलचा सूर पांढरी चार होता.

"घरी चला," ती म्हणाली. "आणि बोलू नका. जीभ चावाल."

शनिवारी चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी फिल्म गेली. संध्याकाळच्या पेशंटना ती दाखवून साडेसातला डॉक्टरांचा फोन. ती उभ्याउभ्याच ऐकत होती, तो भरलेली दाढ धरून बसला होता.

"पळालं का कोणी?" तिने फोनवर विचारलं.

"एकजण," डॉक्टर म्हणाले. "पण तो फिल्म लावायच्या आधीच. बाकीचे बसले. एक आजी तर आपला नंबर सोडून द्यायला तयार, म्हणे आधी परत लावा. सोमवारपासून वर्षभराचं काम सुरू समजा."

तिने फोन ठेवला. दोघं एकदम काहीतरी बोलायला गेले, एकदम थांबले आणि मग दोघांनी मिळून उगाचच कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. कॉम्प्युटर दोन दिवसांचा होता, धूळ नव्हती.

सोमवारी काका पट्टी बांधलेल्या डोळ्याने दुकानात हजर झाले. तिने मोठं कॅबिनेट आणलं. दुपारी तो आपलं परत न्यायला आला.

कॅबिनेटच्या मागे चार स्क्रू असतात. पहिला काढायला त्याला पंचवीस मिनिटं लागली.

"अडकलाय का?" तिने विचारलं.

"फार."

दुसऱ्याला अर्धा तास. तिसरा काढून त्याने नीट निरखला आणि विचारपूर्वक परत लावला. ती हाताची घडी घालून बघत होती. वर्षभराचं काम मिळालं होतं, सरांचा पत्ता कायमचा कटला होता. आणि तरी हा चौथा स्क्रू निघाला तर आपलं काहीतरी जाणार, हे तिला लख्ख कळत होतं. हे मोजायला टेप लागत नव्हती.

"ओट्यावर किती दिवस मांडून ठेवणार आहात?" ती म्हणाली.

"तेच ना. न्यायला तर हवंच. पण नेलं की..."

"की काय?"

"की मग मला इथे यायला कारण उरत नाही." तो हे स्क्रूड्रायव्हरला सांगत होता. "दाढाही तशा संपत आल्यात. एकच किडकी होती."

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "माझ्याकडे बघून बोला."

त्याने पाहिलं. मग बोलणं राहूनच गेलं.

"मला आवडता तुम्ही," शेवटी तीच म्हणाली. "पंखे ऐकता तरीसुद्धा. आता कारण शोधू नका, नुसते या. आईने दार उघडलं की सांगा, तुमच्या मुलीसाठी आलोय."

"असं? तोंडावर?"

"तोंडावर."

तो उठला. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, शर्ट झटकला, खोलीतून बाहेर गेला, बैठकीतून बाहेर गेला, चपला घालून दाराबाहेर गेला. दार ओढून घेतलं. तिला वाटलं, गेला हा!

बेल वाजली.

आईने दार उघडलं.

"मी... तुमच्या मुलीसाठी आलोय," तो म्हणाला.

आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आतल्या खोलीच्या दारात, तोंडावर हात दाबून उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं.

"अरे, मग आत्तापर्यंत दोन तास आत काय करत होतास?" आई म्हणाली. "ये, चपला काढ."