मागच्या सीटखालचा उसासा

गाडी बंद पडली ती बरोबर त्याच फाटकासमोर.

"झालं," सोपानकाका म्हणाले आणि देवाचं नाव घेण्याआधी त्यांनी हँडब्रेक ओढला. एवढा व्यवहार त्यांना भीतीतही सुटत नसे. मग त्यांनी किल्ली फिरवून पाहिली. इंजिन घरघरलं, धरलं मात्र नाही.

मागच्या सीटवर तीन मुलं अंग चोरून बसली होती. खिडकीशी सातवीतली इंद्रायणी, मध्ये तिची धाकटी बहीण पिंकी आणि पलीकडे काकांचा मुलगा गणराज. काकांचं चाकणला एका कारखान्यात कॅन्टीन होतं. दिवाळीत ते बंद असलं तरी तिथल्या देवापुढे रोज दिवा लावावा लागे, आणि सुट्टी म्हणून मुलंही बरोबर निघत. आता परतताना दिवस कलला होता. एरवी कंटेनरांनी गजबजलेला रस्ता रिकामा होता. गंजलेल्या फाटकामागे बंद पडलेल्या कंपनीची पत्र्याची शेड, आणि शेडमागे एकटंच उरलेलं चिंचेचं झाड. वारा नव्हता, तरी शेडचा एक पत्रा मधूनच वाजत होता.

ही जागा एके काळी अंबूआजीची होती. अंबूआजी म्हणजे इंद्रायणीच्या आजोबांची, आप्पांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती थेरगावला भावाकडे राहायला आली. जमीन कंपनीला देऊन टाक, हा सल्ला आप्पांचाच. कंपनी आली, फाटक बसलं, फाटकासमोर म्हशीच्या पाठीएवढा गतिरोधक झाला, आणि काही वर्षांनी कंपनी आली तशी निघून गेली. गतिरोधक तेवढा राहिला.

अंबूआजी अधूनमधून काकांबरोबर गाडीत मागे बसून इथवर यायची. फाटकाशी आली की म्हणायची, "थांबीव रं." खाली उतरायची नाही. चिंचेकडे बघायची, "हूंऽऽ" असा लांब उसासा टाकायची आणि म्हणायची, "चल."

आषाढात ती गेली. त्यानंतर गाडी इथे आपण होऊन थांबायला लागली.

काका उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, बाटलीतलं देहूहून आणलेलं तीर्थ आत सढळ हाताने शिंपडलं, वर हळद-कुंकू वाहिलं, "आत्या, चूक पदरात घे," म्हटलं आणि बॉनेट धाडकन आपटलं. परत येऊन त्यांनी किल्ली फिरवली.

मुलांच्या खाली, सीटच्या आत, कुणीतरी हळूच उसासा टाकला. हूंऽऽ.

आणि गाडी सुरू झाली.

घरापर्यंत पिंकी पाय वर घेऊन बसली होती.

थेरगावात या गोष्टीचा अभ्यास सगळ्यांनी करून झाला होता. डांगे चौकाजवळच्या गॅरेजवाल्याने गाडी पुन्हा पुन्हा तपासली. त्याच्या दारात ती सुतासारखी सरळ चालायची. "मशीनमध्ये काही नाही, घरच्यांना विचारा," असा शेरा मारून त्याने हात झटकले होते. घरच्यांचं मत पक्कं होतंच, गाडी अंबूआजीच थांबवते. शेवटी ठरलं, की भंगारवाले दौलतराव उद्या येतील आणि गाडी तोडायला नेतील.

आप्पा या चर्चेत पडत नसत. बहीण गेल्यापासून ते त्या गाडीत बसतच नसत. अंगणात किल्ली फिरली आणि तो उसासा आला, की हातातला घास ताटात ठेवून उठत. त्या संध्याकाळी इंद्रायणी पाणी घेऊन गेली, तेव्हा ते ओट्यावर गाडीकडे पाठ करून बसले होते.

"आप्पा, गाडी खरंच तोडणार?"

"तोडू दे." त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. "तिला जमिनीवरनं काढली मी. आता गाडीतनंबी काढतोय."

इंद्रायणीला भुताची भीती वाटत होती, पण आप्पांच्या आवाजाची जास्त वाटली. उद्या गाडी गेली, की आप्पा हे वाक्य जन्मभर मनात घोळवत बसणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

तिने गणराज आणि पिंकीला गच्चीवर गाठलं. मध्ये चिवड्याचा डबा होता.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "आजी गाडी थांबवते, तर उसासा कधी टाकायला हवा?"

"थांबवताना," पिंकी म्हणाली.

"पण थांबल्यावर काकांनी किल्ली फिरवली, तेव्हा उसासा आलाच नाही. बॉनेट आपटल्यावर आला, आणि मग गाडी चालली. सगळे त्या आवाजाला घाबरतात. मला तर वाटतं, तो येत नाही तेव्हा घाबरायला हवं."

गणराजचा हात चिवड्यातच थबकला. गणराजला गाडीबद्दल सगळं माहीत होतं, फक्त चालवता येत नव्हती. त्याच्या वडिलांचं नेमकं उलट होतं.

"मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते," तो सावकाश म्हणाला. "टाकीत पंप. किल्ली अर्धी फिरवली की तो क्षणभर गुणगुणतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. तायडे, तुझी आजी म्हणजे पंप आहे."

"तुझीपण," इंद्रायणी म्हणाली.

पंप कधी चालतो, कधी चालत नाही, म्हणजे त्याला वीज कधी मिळते, कधी मिळत नाही. ती पोचवणारी एक काळी डबी पुढे बॉनेटखाली असते. तिला रिले म्हणतात, असं गणराजने सांगितलं आणि काकांच्या खुंटीवरची किल्ली आणायला तो स्वतःच गेला. हे धाडस भुताच्या धाडसापेक्षा मोठं होतं.

अंगणात काळोख दाटत होता. आकाशकंदिलाचा लाल उजेड गाडीच्या काचेवर हलत होता आणि आत कुणी बसल्यासारखं वाटत होतं. पिंकीने मागच्या सीटला कान लावायचा होता. तिने आधी सीटला नमस्कार केला. इंद्रायणीने किल्ली अर्धीच फिरवली.

"हूं आलं," पिंकी कुजबुजली.

गणराजने बॉनेटखालच्या रिलेच्या डब्याला हळूच चापट मारली. इंद्रायणीने किल्ली बंद करून पुन्हा फिरवली.

"आता नाही."

परत चापट, परत किल्ली.

"आलं. दादा, तू मारलंस की ती बोलते."

किल्ली काढून घेऊन गणराजने डब्याचं झाकण उचललं. आत रिलेंची रांग होती. पंपाचा रिले उपटला, तर त्याचे पाय हिरव्या किटाने माखलेले, आणि किटावर पिवळा थर. इंद्रायणीने वास घेतला. हळद होती.

आजी गेल्यापासून काका बॉनेटमध्ये तीर्थ शिंपडत होते, म्हणून रिले किटत होता. किटलेला रिले गतिरोधकाच्या दणक्याने सुटत होता. गाडी बंद पडली, की काका आणखी तीर्थ शिंपडत होते. आणि शेवटी बॉनेट आपटत होते, त्या दणक्याने रिले पुन्हा चिकटत होता. गाडी चालू होई, काकांची श्रद्धा वाढे, आणि रिलेवरचा थरही.

"बाबांना सांगू या," गणराज म्हणाला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नको. ते यावरही तीर्थ टाकतील."

सांगून कुणी ऐकणार नव्हतं. दाखवायला हवं होतं. दुकानं भाऊबीजेपर्यंत बंद, त्यामुळे नवा रिले मिळणार नव्हता. पण शेजारीच हॉर्नचा रिले होता, अगदी तसाच, आकडासुद्धा तोच. गणराजने दोघांच्या जागा बदलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणी आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. दौलतराव यायच्या आधी एकदा फाटकापर्यंत जाऊन येऊ, असं ती म्हणाली. "आजीला शेवटचं पोचवायला."

आप्पांनी नकार द्यायला तोंड उघडलं, मिटलं आणि टोपी घातली. ते सवयीने पुढच्या दाराकडे वळले, पण इंद्रायणीने मागचं दार उघडून धरलं. आप्पा अंबूआजीच्या जागेवर बसले. काकांनी किल्ली फिरवली. हूंऽऽ. आप्पांची बोटं काठीवर आवळली.

वाटेत काका तीर्थाच्या बाटलीकडे पुन्हा पुन्हा बघत होते. फाटक दिसू लागलं. धुक्यात चिंच अर्धीच दिसत होती. आप्पांनी डोळे मिटले. गाडी गतिरोधकावर चढली, दाणकन उतरली...

आणि चालतच राहिली.

काकांनी इतक्या भीतीने गाडी कधी चालवली नव्हती. "थांबली कशी नाही?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. तेवढ्यात पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला. त्यांनी हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही. काकांनी करकचून ब्रेक लावला.

"भूत हॉर्नमध्ये गेलं, बाबा," पुढे बसलेला गणराज शांतपणे म्हणाला.

काकांचा हात बाटलीकडे गेला.

"तीर्थ नको. नुसतं बॉनेट आपटा."

काकांनी उतरून बॉनेट आपटलं. इंद्रायणीने मागून वाकून हॉर्न दाबला. तो असा कोकलला, की शेळ्यांनी रस्ता सोडला आणि काकांनीही. मग गणराजने रिले काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि जे घडत होतं ते सगळं सांगितलं. काका हिरव्या-पिवळ्या थराकडे बघत राहिले. "म्हणजे मीच?" एवढंच ते म्हणाले.

आप्पांनी मात्र इंद्रायणीला विचारलं, "म्हंजी ती थांबवत न्हवती?"

"नाही, आप्पा. आजीला थांबायचं असलं की ती सांगून थांबायची."

आप्पा वळून मागच्या काचेतून फाटकाकडे बघू लागले.

"सोपान," ते म्हणाले, "मागं घे. फाटकाशी थांबीव रं."

आप्पा उतरले. अंबूआजी कधी उतरली नव्हती. गजांना धरून ते चिंचेकडे बघत काहीतरी बोलले. काय, ते कुणाला ऐकू आलं नाही. शेडचा पत्रा एकदा वाजला आणि राहिला.

परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण पाठ ताठ होती. "आमी एवढी जाणती माणसं तीर्थ शिंपडत बसलो," ते म्हणाले, "आन् पोरांनी डबी उघडली. शाणी हायेत पोरं. सोपान, दौलतरावाला फराळ दे आन् वाटंला लाव."

काकांनी मान डोलावली, बाटली उघडली आणि उरलेलं तीर्थ स्वतःच पिऊन टाकलं.

किल्ली फिरली. सीटखालून उसासा आला.

"पंप," पिंकीने आप्पांना धीर दिला.

"व्हय. पंपच हाय," आप्पा म्हणाले. पण ते थोडे सरकून बसले, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखे. त्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

"चल," ते म्हणाले.