सहाव्या मजल्याची मोजणी

सोफियाच्या म्लादोस्त वस्तीत, बालवाडीच्या कुंपणापाशी उभं राहिलं की समोरच्या आठमजली ब्लॉकचा सगळा दर्शनी भाग एका नजरेत मावतो. शनिवारी सकाळी नेवेना तिथे कॅमेरा घेऊन उभी होती आणि एकेका मजल्याचा फोटो काढत होती.

हा ब्लॉक तिच्या आईने आखलेला. मजल्यावर चार घरं, घराला एक बाल्कनी, कठड्यावर निळ्या बारीक फरश्या. पुढच्या पन्नास वर्षांत ज्याने त्याने आपली बाल्कनी काचा लावून नाहीतर विटा रचून खोलीत घेतली. कोणी थंडी अडवायला आपल्या घरापुरताच बाहेरून थर्माकोल थापून त्याला पिस्ता रंग दिला. नेवेनाच्या वडिलांनीही काचा लावल्या होत्या. त्यापायी आईने महिनाभर अबोला धरला होता. आई मार्चअखेरीस गेली. माणूस जाऊन सहा महिने झाले की दारावर लावतात तो शोककागद, तिच्या फोटोसकट, नेवेनाने कालच ब्लॉकच्या दारावर चिकटवला होता.

वारसा समितीचं पत्र तिच्या खिशात होतं. मूळ रूपातली एक तरी बाल्कनी उरली असेल आणि बहुसंख्य रहिवाशांची संमती असेल, तर ब्लॉकला संरक्षण देण्याचा विचार होईल. रहिवाशांची सभा उद्या होती. तिथे हरलं, की आईचा ब्लॉक वरपासून खालपर्यंत थर्माकोलात गुंडाळला जाणार.

सहाव्या मजल्यावर कॅमेरा थांबला. मधोमध एक बाल्कनी उघडी होती. करडा कठडा, निळ्या फरश्या, एकही तडा नाही.

नेवेनाला हसू फुटलं. मग तिने बाल्कन्या मोजल्या. पाच.

ती याच ब्लॉकमध्ये लहानाची मोठी झाली होती. पण आपल्या घराच्या बाल्कन्या कोण मोजतं? जमीनमोजणी हे तिचं काम. तिने गाडीतून यंत्र काढलं. पाचव्या मजल्याची रुंदी चौदा मीटर चाळीस, बाल्कन्या चार. सहाव्याची रुंदीही चौदा मीटर चाळीस. बाल्कन्या पाच, आणि प्रत्येक तीन मीटर साठ; म्हणजे अठरा मीटर.

तिने दोनदा मोजलं आणि मग यंत्रावर नाही, माणसांवर संशय घेतला. कोणीतरी काहीतरी लपवत होतं.

सहाव्या मजल्यावर मधली दोन घरं. डावीकडे त्सोनामावशी, उजवीकडे स्तामेनकाका. स्तामेनकाका ब्लॉकचे व्यवस्थापक, आणि थर्माकोलसाठी सह्या गोळा करणारेही तेच.

"तुमच्या दोघांच्या मधली बाल्कनी कोणाची?" वर जाऊन तिने काकांना दारातच विचारलं.

"मधली?" काका तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत म्हणाले. "त्सोनाची असेल."

"कशी माझी असेल?" शेजारच्या दारातून मावशी म्हणाली. तिच्या घरातून भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास येत होता. "माझीत मी मिरच्या भाजतेय. त्याचीच असणार."

"म्हणजे आहे तर," नेवेना म्हणाली.

काकांनी दार अर्धं ओढून घेतलं.

"पोरी," काका म्हणाले, "तुझ्या आईच्या फरश्या दिसायला छान. पण हिवाळ्यात मी कोट घालून झोपतो, त्याचं काय? फोटोबिटो राहू दे."

ते पुन्हा तिच्याकडे न बघता बोलले. नेवेनाने दोन्ही घरांमधली भिंत मोजली. वीस सेंटिमीटर, भरीव.

"एक करा," ती म्हणाली. "मी खाली जाते. तुम्ही दोघांनी आपापल्या खिडकीतून वाकून हातात हात द्यायचा. मधे भिंतच असेल तर सहज पोचेल."

"या वयात याच्याशी हात मिळवू?" मावशी म्हणाली. "लोक काय म्हणतील!" पण हसली नाही.

नेवेना कुंपणापाशी परत आली आणि मावशीला फोन लावला. मावशीची खिडकी उघडली. मावशीचा उघडा हात बाहेर आला आणि निळ्या फरश्यांच्या कठड्यावरून आत गेला.

"दिला गं बाई हात," फोनवर मावशी म्हणाली. "बर्फ झालाय याचा. स्तामेन, सोड आता, मिरच्या करपतायत."

फोनमध्ये लांबून काकांचा आवाज आला. "काय सोडू? माझ्या खिडकीची कडीच निघत नाहीये."

नेवेनाने कॅमेऱ्यातून पाहिलं. काकांची खिडकी बंद होती.

मावशीने हात हळूच मागे घेतला, एखाद्याला राग येऊ नये असा.

फोन बंद झाला.

रविवारी अकरा वाजता तळमजल्यावर सभा भरली. बत्तीस घरं, घरटी एक माणूस, एक हात. दाटी होती. काका पहिल्या पायरीवर उभे राहिले.

"ब्लॉक आहे तसा जपायचा, त्यांनी हात वर करा."

ते बोटाने मोजत गेले. नेवेनाही मोजत होती. मागच्या भिंतीपाशी उजेड कमी होता.

"सतरा," काका म्हणाले.

"विरोधात?"

त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि मोजलं.

"सोळा."

कोणी मागे वळून पाहिलं नाही. नेवेनाने बेरीज केली, तेहतीस, आणि काकांकडे पाहिलं. आता ते ओरडतील, फेरमोजणी मागतील, तिच्यावर लबाडीचा आळ घेतील, अशी तिची खात्री होती.

काकांनी सभेची वही पुढे करून तिच्या हातात पेन दिलं.

"लिही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सतरा."

तिला आईचं अक्षर आठवलं, नकाशांच्या कडेला लिहिलेले ते बारीक, सरळ आकडे. ती तसंच अक्षर काढायला शिकली होती.

तिने सतरा लिहिलं आणि खाली सही केली.

लोक पांगले. लिफ्ट तिघांची. मावशी, काका आणि नेवेना आत शिरली. मावशीने सहाचं बटण दाबलं.

लिफ्ट हलली नाही. जास्त वजनाचा लाल दिवा लागला.

काका सवयीने बाहेर पडले, दार नीट लावून घेतलं आणि जिना चढू लागले.