बळीच्या डोंगरावरची हाक

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासमोर घडलेली आहे.

रात्रीची असती तर लोकांनी पटकन विश्वास ठेवला असता. पण ही भर दुपारची आहे. मागच्या उन्हाळ्यातली. जागा, जॉर्डनमधल्या पेत्रा या जुन्या नगरीच्या माथ्यावरचा बळीचा डोंगर.

जुन्या नबाती लोकांनी तो डोंगर वरून सपाट तासला आणि तिथे आपल्या देवांसाठी जनावरं कापली. कातळातली वेदी, रक्त वाहून जायची पन्हळ, सगळं अजून तसंच आहे. आम्ही बदू, वाळवंटातली भटकी माणसं, तिथेच लहानाचे मोठे झालो. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

आई गेल्यावर मला आणि माझा भाऊ मुतलक याला तर्फा आत्यानं वाढवलं. म्हातारपणी ती त्या वेदीजवळ ताडपत्रीखाली बसून पर्यटकांना चहा विकायची. काही हवं असलं की कड्याशी उभी राहायची आणि खाली गाढवं राखणाऱ्या मुतलकला हाक मारायची.

"मुतल...क..."

अख्खी दरी ती हाक घुमवायची. खालचे सगळे हसायचे.

"जा बाबा, राजवाड्यातून बोलावणं आलं," माझा नवरा फ्रेज त्याला चिडवायचा.

एके दिवशी संध्याकाळ झाली तरी आत्या खाली उतरली नाही.

फ्रेज त्या दिवशी वादी मूसा गावच्या बाजारात गेला होता. डोंगराखाली मुतलक एकटाच होता. मी आणि तो वर धावलो.

आत्या वेदीला टेकून बसली होती. तोंड दरीकडे. ओठ उलून फुटलेले. शेजारी पाण्याचा डबा आडवा पडलेला... कोरडा.

"आज तिनं हाकच मारली नाही," मुतलक सगळ्यांना सांगत होता. "मारली असती तर मी गेलो नसतो का?"

सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

तिच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिचं सामान आणायला आम्ही दोघं वर गेलो. फ्रेज गाढवं घेऊन खाली थांबला. ऊन असं की एकही पर्यटक फिरकला नव्हता.

वारा नाही. माशीसुद्धा नाही.

मुतलक ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत होता. मी कड्याशी जाऊन ओरडले, "फ्रेज, वर ये."

दरीनं माझे शब्द परत दिले. वर ये... ये...

खालून फ्रेजनं हात हलवला आणि तिथेच बसून राहिला.

"तू सांग त्याला," मी मुतलकला म्हटलं. "माझं कधी ऐकलंय त्यानं?"

मुतलक हसला. तोंडाशी हात धरून ओरडला, "फ्रेज, ऊठ लवकर."

त्याचे शब्द मात्र परत आले नाहीत.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ओरडला. छाती भरून. मी शेजारीच होते, माझे कान बधिर झाले...

पण दरी गप्प.

खाली फ्रेजनं मानसुद्धा वर केली नाही.

"वारा फिरला असेल," मुतलक म्हणाला.

वारा नव्हता.

आणि मग... समोरच्या कातळातून आवाज आला.

"मुतल...क..."

मी गर्रकन मागे वळले. वेदीपाशी कोणी नव्हतं.

"मुतल...क... पाणी..."

तोच आवाज. नाव ओढायची तीच सवय.



"ऐकलंस?" मी विचारलं.

"त्या दिवशीही ऐकलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"सावलीत आडवा झालो होतो, नौफा. नुकताच डोळा लागला होता. म्हटलं, म्हातारीला दुसरं काम नाही, साखर संपली असेल. ऊन उतरलं की जाऊ. ती ओरडत होती आणि मी तोंडावर फडकं ओढून घेतलं."

"पाणी म्हणाली होती?"



"तेही ऐकलं."

त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जवळही घ्यावंसं वाटलं. माझ्याकडून दोन्हींतलं काहीच झालं नाही.

तो कड्याकडे तोंड करून ओरडला, "आलो, आत्या."

दरी गप्प.

"आलो... आलो..."

एक पाऊल पुढे. आणखी एक. घसा चिरकला तरी थांबेना. त्याच्या पायाखालचे खडे कड्यावरून घरंगळले...

त्या खड्यांचा आवाज दरीत घुमला. त्याचा नाही.

मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन मागे ओढलं. आम्ही दोघं त्या पन्हळीत पडलो. तो लहान मुलासारखा रडत होता.

थोड्या वेळानं फ्रेज धापा टाकत वर आला.

"एकदा बोलावलंस, मग काही आवाजच नाही," तो मला म्हणाला. "झोपलात काय दोघं?"

आम्ही त्याला काही सांगितलं नाही.

मुतलक आता रोज सकाळी भरलेला डबा वर नेऊन वेदीपाशी ठेवतो. संध्याकाळी रिकामा घेऊन येतो. पाखरं पीत असतील. ऊन शोषत असेल. मी विचारत नाही.

आत्याच्या बहिणी अजून मला म्हणतात, "बिचारीला शेवटी हाक मारायचंही सुचलं नाही गं."

मी मान डोलावते.

कधीकधी मीही त्याच्यासोबत वर जाते. डबा उचलते, पन्हळीतला कचरा काढते. पण कड्याशी उभं राहून कुणाला हाक मारत नाही...

माझी परत येते की नाही, ते मला बघायचं नाही.