डझनामागं एक वाटी

परभणीहून बोरीला निघालेल्या एस.टी.नं पुढचं चाक एका खड्ड्यात घातलं आणि मालनच्या मांडीवर अठरा डझन बांगड्या येऊन पडल्या. बांगड्यांमागोमाग त्यांचा मालकही येणार होता, पण त्यानं ऐनवेळी वरची दांडी पकडली.

"फुटल्या का?" त्यानं घाबरून विचारलं.

"मला लागलं का, ते आधी विचारा की!"

"तुमी बोलायलाव म्हणजे शाबूत हाव. बांगड्यांना बोलता येत न्हाई."

मालननं एकेक माळ उचलून त्याच्या खांद्यावर चढवली. एकही फुटली नव्हती. तो मात्र माळांकडं न बघता तिच्या मनगटाकडं बघत होता.

"सव्वादोन," तो म्हणाला.

"काय?"

"तुमच्या हाताचं माप. आमाला हात दिसला की कळतंय."

"आणि तोंड दिसल्यावर काय कळतं?"

त्यानं मान वर केली. मग बराच वेळ ती खाली झालीच नाही. कंडक्टरनं तीनदा तिकीट विचारलं, चौथ्यांदा त्याच्या पाठीत कोपर मारलं.

"ते..." तो म्हणाला, "ते जरा इचार करून सांगतो."

त्याचं नाव बन्सीधर. आईबापांनी ते ठेवलं तेव्हा पोरगा पुढं जन्मभर बायकांचे हात धरून बसणार आहे, हे त्यांना ठाऊक होतं. बाप कासार, आजा कासार. बोरीत बाजाराच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान. काचेच्या बांगड्या, काळ्या मण्यांची पोत, जोडवी आणि एक गादी, एवढाच पसारा. मालनचं घराणंही कासाराचंच, पण तिचे वडील दिनकरराव पोस्टात चिकटले आणि बांगडीशी त्यांचा संबंध आडनावापुरता उरला. त्यांची बदली बोरीला झाली, म्हणून मालन बोरीला. मॅट्रिक होऊन ती घरी बसली होती. स्थळं येत होती, चहा पिऊन जात होती.

साल त्र्याहत्तर. पाऊस दोन वर्षं नोकरीत रुजूच झाला नव्हता. शेतं उघडी पडली आणि अख्खं गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलं. सरकारचं धान्य यायचं, पण सरकारच्या चालीनं यायचं. मोठी माणसं कशीबशी तग धरून होती. लेकरं मात्र दुपारी खडीच्या ढिगाच्या सावलीला निजून राहायची. निजलेलं लेकरू भूक मागत नाही, असा आयांचा अनुभव होता.

त्या साली लग्नं नव्हती, म्हणून बांगड्याही खपत नव्हत्या. बन्सीधरनं एक दिवस दुकानावर पाटी लावली : 'डझनभर बांगड्या भरा. डझनामागं कामावरच्या एका लेकराला वाटीभर आंबील.'

बोरीतल्या पगारदार घरांत एकदम बांगड्या फुटायला लागल्या. मास्तरीणबाईंच्या विहिरीवर फुटल्या, ग्रामसेवकाच्या मंडळींच्या दळताना फुटल्या. तलाठ्याच्या बायकोनं तर चौकटीवर हात आपटताना स्वतःच्या सासूला साक्षीदार ठेवलं. पुण्यही होत होतं, हातही भरत होते. तलावावर सरजाबाई नावाच्या बाईनं चूल मांडली, ज्वारीची आंबील शिजायला लागली. वाढायला कुणीतरी हवं होतं, ते काम मालननं अंगावर घेतलं.

रोज सकाळी बन्सीधरच्या दुकानात जायचं, आदल्या दिवशी किती डझन भरले ते विचारायचं आणि सरजाबाईला तेवढं पीठ पोचवायचं. काम साधं होतं. अडचण एवढीच, की सकाळच्या त्या घटकेला दुकानात कुणाचा ना कुणाचा हात बन्सीधरच्या हातात असायचा.

आणि तो धरायचा तरी कसा! आधी तळहात आपल्या तळव्यावर ठेवायचा. अंगठ्याच्या बुडाशी हलकेच दाबायचा. बाई आखडली, की म्हणायचा, "सैल सोडा, वयनी... माहेरी कोण कोण हाय तुमच्या?" बाई माहेरी पोचायची आणि इकडं बांगडी मनगटात. कासाराची अर्धी कला बोटात आणि अर्धी जिभेत, हे मालनला उमगत होतं. पण कला समोर चालू असताना तिला घाम फुटायचा. उन्हाळा आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. मग सावलीत बसूनही फुटला, तेव्हा समजूत बदलायची वेळ आली.

तिनं एकदा आपलाही हात पुढं केला.

"मला पण भरा. एक डझन."

बन्सीधर हाताकडं बघत राहिला. त्याचा हात अर्ध्या वाटेपर्यंत आला... आणि परत गेला.

"आई, ह्यांना तू भर," त्यानं आत हाक मारली.

धुरपताबाई चष्मा सावरत बाहेर आल्या. त्यांनी मालनचा हात पीठ मळल्यासारखा मळला. माहेरचं काही विचारलं नाही.

चार दिवसांनी मालननं त्या बांगड्या रांजणावर फोडल्या आणि पुन्हा जाऊन बसली. पुन्हा "आई, ह्यांना तू भर." तिसऱ्यांदा तर ती बसायच्या आधीच त्यानं आईला हाक मारली.

"माझा हात धरला तर ह्यांना काय इंगळ्या डसतात का?" मालननं धुरपताबाईंनाच विचारलं.

"तो कुणाचाबी हात धरील बाई," धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझा धरायचा न्हाई. तू नाद सोड."

मालननं नाद सोडला नाही, जेवण सोडलं. एक वेळचं. दुसऱ्या वेळी आईनं धपाटे केले होते.

दवाखान्यात नव्या आलेल्या सुमन नर्स औरंगाबादच्या. हात गोरा, नखं रंगवलेली. त्या आठवड्यातून दोनदा यायच्या आणि बन्सीधरनं बोटं दाबली, की "अगं बाई!" म्हणून हसायच्या. दुखल्यावर हसणारी बाई मालननं पहिल्यांदाच पाहिली. तिनं सुमन नर्सचा मत्सर केला. मग तलाठ्याच्या बायकोचा केला, मास्तरीणबाईंचा केला. एकदा सरजाबाईच्या हातात बन्सीधरनं फुकट बांगड्या भरल्या. खडीनं सालपटलेला तो हात त्यानं इतक्या जपून धरला, की मालन तिथून उठूनच गेली. सरजाबाईचं वय साठ होतं. मत्सर वयाचा दाखला मागत नाही.

गंमत अशी, की लेकरांना आंबील मिळावी असं तिला अगदी मनापासून वाटायचं. फक्त ती कुणाचा हात न धरता मिळावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

शेवटी एका सकाळी तिनं तोड काढली.

"अहो, इथं गर्दी लय होते. बायका ताटकळतात. त्यापेक्षा माप बघून पुडकी बांधून ठेवा. आल्या, घेतलं पुडकं, गेल्या. घरी भरतील आपापल्या."

बन्सीधरनं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

"बायकांच्या सोयीसाठी म्हणता?"

"बायकांच्याच."

"दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी न्हाई?"

"दुसरं कोण आहे इथं?" मालन वरच्या पट्टीत म्हणाली.

"बरं. तुमी म्हणता तर बांधतो पुडकी."

आणि खरंच बांधली. बाजाराच्या दिवशी दुकानात कागदी पुडक्यांची चळत लागली. बन्सीधर हात मांडीखाली घेऊन बसला. मालन लांबून बघत होती. चार महिन्यांत तिला पहिल्यांदाच उन्हाळा सोसवला.

बायका आल्या. त्यांनी पुडकी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"आन् भरायच्या कुणी?" तलाठ्याची बायको म्हणाली.

"घरी भरा की, वयनी."

"घरी? आमी काय इथं मीठमिरची न्यायला आलाव का? दोन घटका बसावं, कुणी माहेरचं इचारावं... घरी कोण इचारतंय आमाला?"

पुडकं खाली ठेवून ती उतरली. तिच्यामागं मास्तरीणबाई. ज्या दोघीतिघींनी पुडकी नेली, त्यांच्या बांगड्या घरी भरता भरता फुटल्या. त्या दुकानाला बोल लावत बसल्या.

दुसऱ्या दिवशी पीठ कमी निघालं आणि तलावावर सरजाबाईनं पातेलं उतरवलं, तेव्हा ते नेहमीपेक्षा हलकं होतं. वाट्या अर्ध्या भरल्या, तरी रांगेची शेपटी उरलीच. सात लेकरं. शेवटी खडी फोडणाऱ्या दगडाबाईची नात उभी होती. पाच वर्षांची, ऊन लागू नये म्हणून वाटी डोक्यावर पालथी घातलेली. मालननं पातेलं तिरपं करून दाखवलं. पोरीनं वाकून आत पाहिलं. रडली नाही. तिनं नुसतं विचारलं,

"काल बांगड्या फुटल्या न्हाईत का, ताई?"

मालननं खडीच्या ढिगावर बसून डबा उघडला. डब्यातली आपली भाकरी तिनं सात जणांत मोडली, पण एका भाकरीचे सात तुकडे म्हणजे केवळ दाखवायला. मग ती उठली आणि भर दुपारी, डोक्यावर पदरही न घेता, तडक दुकानात आली. धुरपताबाई आत निजल्या होत्या. बन्सीधर पुडक्यांसमोर माशा वारत बसला होता.

"पुडकी सोडा," ती धापा टाकत म्हणाली. "हात धरा."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा! येईल तिचा. तलाठ्याच्या बायकोचा... त्या नर्सबाईचा तर दोन्ही."

"तुमाला जड जाईल."

"जाऊ दे... म्हणजे?" तिनं डोळे बारीक केले. "तुम्हाला माहीत होतं?"

बन्सीधर पुडक्याचा दोरा सोडवत राहिला.

"तुमी रोज सकाळी खांबाआडून बघायच्या. माझी बांगडी आत सरकायच्या आधी तुमचा दात ओठात सरकायचा. मला दिसत व्हतं. तुमी पुडक्यांचं बोललाव, तवा मला... लय बरं वाटलं. म्हणून बांधली. धंद्याला खोट हाय, हे ठाऊक असून बांधली."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिकडं सात लेकरं उपाशी राहिली!"

"सात?" त्याचा हात थांबला. चेहरा उतरला. "मला वाटलं, एखादी कमी पडंल... मी घरची ज्वारी देणार व्हतो संध्याकाळी." तो उठला, आत गेला, ज्वारीचं गठुडं आणून उंबऱ्यावर ठेवलं. "चूक दोघांची हाय. तुमची एकटीची धरू नका."

मालन गठुड्याकडं बघत राहिली. रागवायचं होतं, पण राग वाटेत कुठंतरी सांडला होता.

"मग एक सांगा," ती हळूच म्हणाली. "सगळ्या गावाचा हात चालतो. सरजाबाईचा चालतो. माझ्याच हातात काय वाईट आहे?"

बन्सीधरनं एकदा आतल्या दाराकडं पाहिलं.

"बांगड्या भरून झाल्या, की बाई उठताना काय करती, तुमी बघितलं न्हाई का?"

"नमस्कार करते."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"का?"

पोस्टातल्या घरात हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

"आमच्या घरचा नेम हाय," तो म्हणाला. "परक्या बाईचा हात धरायचा, तर त्याला काही नातं पायजे. तिनं नमस्कार केला, की ती आपली भैन. मोठी असली तर आई. माझ्या बानं मला पहिल्यांदा गादीवर बसवलं तवा हेच सांगितलं, ज्या हातात बांगडी भरशील, त्या घरचा तू भाऊ. आज बोरीत माझ्या तीनशे भैनी हायत." मग एकदम घाईनं म्हणाला, "तुमचा हात मी सव्वाशे येळा धरला असता. पर त्यानंतर तुमी उठला असता, पदर घेतला असता आन् नमस्कार केला असता... तो नमस्कार मला नको व्हता."

बाहेर एक बैलगाडी गेली. गाडी जाईपर्यंत दोघंही तिच्या चाकांकडं लक्षपूर्वक बघत होते.

"म्हणजे माझा हात तुम्ही कधीच..." मालननं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"धरणार की. भटजींना इचारून. मांडवात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मग द्या हात. भरतो बांगड्या. करा नमस्कार."

मालननं दोन्ही हात झटकन पाठीमागं लपवले.

आतून धुरपताबाईंचा आवाज आला. त्या निजल्या नव्हत्या. दुकान असलेल्या घरात दुपारी कुणीच खरं निजत नाही.

"त्या पोस्टमास्तरला कळवू का रे मग? का तुमीच टपालानं कळवताव?"

लग्नाची बोलणी झाली, मुहूर्त दुष्काळ सरल्यावरचा निघाला. पाऊस मुहूर्ताला कबूल झालेला नसल्यामुळं तारीख कोरी ठेवली. पण पुडकी त्याच संध्याकाळी सुटली आणि दुसऱ्या दिवसापासून मालन तलावावर जायच्या आधी घटकाभर दुकानाच्या पायरीवर बसू लागली. येणाऱ्या प्रत्येकीला ती स्वतः हाताला धरून वर घ्यायची.

"या ताई, बसा. दादापुढं हात करा. सैल सोडा... तुमचा दादाच हाय तो."

गावाला तिच्या मायेचं फार कौतुक वाटलं. तिच्यामुळं डझन वाढले, वाट्या काठोकाठ भरल्या, रांगेची शेपटी शेवटपर्यंत जेवायला लागली. फक्त एक शिस्त तिनं कडक ठेवली होती. बांगड्या भरून झाल्या आणि एखादी बाई बोलण्याच्या नादात तशीच उठायला लागली, की मालन दारात आडवी व्हायची आणि गोड हसून म्हणायची,

"असं कसं, अक्का? नमस्कार राहिला की."