तळहातावरचं दही

"ए छोकरी, ऊठ! छेल्लुं स्टॉप!"

पर्वत पाटिया या शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, तरी खिडकीपाशी बसलेली शाळकरी मुलगी जागची हलेना. कंडक्टरने खांद्याला हात लावला तशी ती बाकावर कलंडली. ओठांच्या कडेला फेस होता.

कोसाडपासून बस खच्चून भरून आली होती. पोरीशेजारी माणसं बसली, उठली, दुसरी बसली. तिचं डोकं खांद्यावर पडलं की लोकांनी ढकलून बाजूला केलं. एक बाई तर म्हणे ओरडलीसुद्धा, साडी चुरगळते म्हणून. पोर मरतेय की झोपलीय हे बघायला कुणाला सवड होती?

पीएसआय मृणाल अहिरराव इस्पितळात पोचली तेव्हा डॉक्टर चिडलेले होते.

"झोपेचं काहीतरी भरपूर पोटात गेलंय. पण नेमकं काय? रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी येईल, आणि ही संध्याकाळ बघेल असं मला वाटत नाही. औषधाचं नाव आणा, मॅडम. काही गोळ्यांवर उतारा आहे. चुकीच्या गोळीवर तोच उतारा दिला तर आपणच मारू हिला."

मृणालने पोरीचा उजवा हात उलटा करून पाहिला. तळवा चिकट होता. बाहीच्या काठाला पांढरा डाग वाळलेला. तिने वाकून वास घेतला. आंबूस. दही.

बाहेर मुलीची आई, केशरबाई सपकाळे, भिंतीला टेकून उभी होती. साड्यांचे धागे कापायचं काम टाकून आलेली, पदराला अजून रंगीत दोरे चिकटलेले. बाप काशीराम इच्छापोरला कारखान्यात कंत्राटावर. तिथे फोन गेटवर काढून घेतात. त्याला अजून पत्ताच नव्हता.

"निशाने सकाळी काय खाल्लं?"

"काळा चहा, ताई. भाकरले हात बी नही लावा."

"दही?"

"दूधच नही घरमा, तं दही कुठलं?"

"घरात काही भांडण?"

"नही वो! आनंदमा व्हती पोर. जगनी परीक्षा शे, त्यामा मनं नाव उनं, म्हने. अंधारात उठीसन वेणी घाली तिनी." केशरबाईने मृणालचं मनगट धरलं. "मनी पोर उठी ना, ताई?"

मृणालचं माहेर धुळ्याचं, ही बोली तिचीच. "उठी, माय," ती म्हणाली, आणि कशाच्या जोरावर म्हणाले म्हणून स्वतःवरच भडकली.

शाळेत शुकशुकाट होता. मुख्याध्यापक वसंत खैरनार कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी पहारा देत उभे होते. आत निवडलेली मुलं पडद्यांकडे बघत बसलेली. एक खुर्ची रिकामी होती. बाहेर व्हरांड्यात कडक इस्त्रीच्या गणवेशात एक मुलगी बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली.

"कसली परीक्षा ही?"

"आंतरराष्ट्रीय चाचणी, मॅडम. देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांना वाचन, गणित, विज्ञान किती येतं ते बघतात. नावं बाहेरून येतात, कॉम्प्युटर काढेल ती. आम्ही फक्त वयात बसणाऱ्या सगळ्यांची यादी पाठवायची. बाकी मुलांना आज सुट्टी आहे."

"निशा कशी आहे अभ्यासात?"

खैरनारांनी नाक मुरडलं. "आठवीत दोनदा बसली. तिचं नाव आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. शाळेची अब्रू जायची. खरं सांगतो, लपवत नाही. परवा तिला म्हटलं, त्या दिवशी तुला ताप येऊ दे."

"असं मुलीला म्हणालात?"

"गैरहजर चालतात, मॅडम. थोडेफार."

"ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणे, सर, मी येणारच."

"ही गोष्ट आणखी कुणाला सांगितलीत?"

"सांगेन कसा? अंगाशी आली असती."

"तिच्या जागी दुसरं कुणी बसवता येतं?"

"छे! बदली बिलकूल चालत नाही. प्रशिक्षणाला मी एकटाच गेलो होतो, त्यामुळे बाकीच्यांना हे ठाऊक नाही. सकाळी गणिताच्या बोरसेबाई आल्या आल्या म्हणाल्या, निशाची वाट कशाला बघता, आमची नेहा आहेच, बसवा तिला. मी साफ नाही म्हटलं."

व्हरांड्यातली मुलगी ती नेहा. दहावीतली पहिल्या नंबरची.

नेहाची आई सुरेखा बोरसे याच शाळेत गणित शिकवत. मृणालने त्यांना ऑफिसात बोलावलं.

"बाई, राहता कुठे?"

"कोसाडला. बसस्टॉपसमोरच."

"निशा तिथूनच बस धरते. आज दिसली?"

"नाही. मी बरी की माझं घर बरं."

"नेहाला आज का आणलंत?"

"घरी एकटी कशाला ठेवायची?"

"घरी कुणीच नाही?"

"सासूबाई आहेत," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "पण त्या झोपूनच असतात."

मृणालने फोन पाहिला. डॉक्टरांचा निरोप होता: लवकर करा. तिने दार उघडून नेहाला आणि खैरनारांना आत घेतलं.

"ऐका. निशाला कुणीतरी दह्यातून गुंगीचं औषध दिलंय. ती मरायला टेकलीय. औषधाचं नाव कळलं तर कदाचित वाचेल. बोला कुणीतरी."

बाई टेबलावरच्या काचेकडे बघत राहिल्या.

"मग मीच बोलते. परीक्षेला निघालेल्या पोरीच्या हातावर दही-साखर कोण ठेवतं? परकं माणूस नाही ठेवत. ठेवलं तरी पोर खाणार नाही. निशाने चाटूनपुसून खाल्लं, म्हणजे देणाऱ्या माणसाला ती मानत होती. घरी दही नव्हतं. वाटेत एकच ओळखीचं दार, बसस्टॉपसमोरचं. तुमचं, बाई."

"काहीतरीच! सरांनीच तिला येऊ नको म्हटलं असेल. ती त्यांच्याच डोळ्यांत खुपत होती."

"खुपत होती, कबूल. पण सरांना माहीत होतं की निशा गेली तर खुर्ची रिकामीच राहणार. तुम्हाला वाटलं, खुर्ची नेहाला मिळेल. सुट्टीच्या दिवशी पोरीला इस्त्रीचा गणवेश घालून आणलंत आणि आल्या आल्या म्हणालात, तिची वाट बघू नका. निशा तर येणारच म्हणाली होती. ती येणार नाही, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

सुरेखाबाईंचा चेहरा तांबडा झाला, आणि मनातलं सगळं भसाभसा बाहेर आलं.

"माझी लेक रात्रंदिवस घासते! आणि निवड कुणाची? आठवीत दोनदा बसलेलीची! सगळीकडे ह्यांचाच कोटा, आता जगाच्या परीक्षेतही ह्यांचाच! सहन तरी किती करायचं?"

"कोटा नाही, बाई. चिठ्ठ्या टाकतात तशी कॉम्प्युटर नावं काढतो. हुशार असो, ढ असो, कुणाचंही निघतं. आणि सर, यांना सांगा, या परीक्षेचा निकाल कधी लागतो?"

खैरनार चाचरले. "मुलांचा निकाल लागतच नाही. कुणाला मार्क नाहीत, नंबर नाही. फक्त देशाची सरासरी काढतात."

मग नेहा आईकडे वळली.

"म्हणजे माझा नंबर लागणारच नव्हता?"

"नेहा, गप्प बस!"

"तू म्हणालीस, हा नंबर परदेशातली कॉलेजं बघतात!" नेहा रडकुंडीला आली. "मॅडम, आजीच्या झोपेच्या गोळ्या होत्या. आईने दह्यात कुटून घातल्या. निशा आमच्याकडे सोफ्यावर झोपेल, असं ठरलं होतं. पण ती थांबलीच नाही. पाया पडली आणि उशीर होईल म्हणत पळाली."

"कुणाचं ठरलं होतं?"

नेहाने आईकडे पाहिलं.

"नाव सांग गोळ्यांचं."

नेहाने लगेच सांगितलं. रोज आजीला गोळी तीच द्यायची. मृणालने तिथूनच इस्पितळात फोन लावला आणि नाव सांगितलं. पलीकडे डॉक्टरच होते.

"याच्यावर उतारा होता, मॅडम. माझ्या कपाटातच होता. ती आत्ताच गेली."

मृणालने फोन खिशात ठेवला. ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"निशा गेली. सकाळी नाही गेली, बाई. तुम्ही इथे काचेकडे बघत बसलात ना, तेव्हा गेली. शाळेत आल्या आल्या एक शब्द बोलला असतात, तर आता तिची आई तिला घरी घेऊन निघाली असती."

सुरेखाबाई ताठ बसून होत्या. डोळे कोरडे. खैरनार घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, म्हणजे आम्ही तिला गैरहजरच लिहायचं ना?" मृणालने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते दोन पावलं मागे सरले.

"मला न्या," बाई उठून म्हणाल्या. "मी कबूल करते. सगळं मीच केलं. नेहाला घरी सोडा, तिची सहामाही जवळ आलीय."

"नेहाही येणार, बाई. तिला सगळं माहीत होतं आणि ती व्हरांड्यात पाणी पीत बसली होती. तिचं काय करायचं ते बालन्यायालय ठरवील."

तेव्हा कुठे सुरेखाबाईंनी हंबरडा फोडला.