एसीखालची मानाची खुर्ची

आईचे डोळे ऑफिसातच का चुरचुरतात? जुईला हे कोडं काही केल्या सुटेना. घरीही आई तासन्‌तास पडद्यासमोर बसायची, पण तिथे डोळे कसे ठणठणीत!

नागपूरच्या वणवा-केंद्रात बसून आई उपग्रहाच्या चित्रांतून विदर्भातल्या जंगलांवर नजर ठेवायची. धूर दिसला की तिनं सांगायचं आणि आग विझवणारे ड्रोन सुटायचे. पण परवा लाल झालेल्या डोळ्यांना एक धूर दिसलाच नाही. केंद्राचे प्रमुख खापेकर साहेब आईला म्हणाले, "वैरागडे मॅडम, सोमवारपासून नजरेचं काम तुम्हाला नाही."

झालं! जुईचं डोकंच फिरलं. दुसऱ्याच दिवशी ती आईबरोबर केंद्रात जाऊन धडकली आणि तिथल्या गुंडू नावाच्या यंत्रमानवाला तिनं गाठलं.

"तुझे डोळे कसे रे नाही चुरचुरत?"

"माझी भिंगं कोरडीच असतात. माणसाच्या डोळ्यावर मात्र अश्रुपटल (डोळ्यातल्या पाण्याचा पातळ थर) असतं. ते हवेनं सुकत जातं. पापणी मिटली की पुन्हा पसरतं. पडद्याकडे टक लावली की माणसं पापण्या मिटायला विसरतात."

"ते तर घरीही होतं! वर कूलरचा वारा थेट तोंडावर."

"कूलरमधून नुसता वारा येतो का?"

जुई थबकली. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या तर सतत ओल्या असतात, म्हणजे वाराही ओलसर! तिनं आईच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची बरोबर एसीच्या झोताखाली. नागपूरचा मे महिना. ती जागा सगळ्यांनी मोठ्या मानानं मॅडमना दिलेली. काय म्हणावं या मानाला!

जुईनं दोन सारखे रुमाल भिजवले. एक त्या खुर्चीवर टाकला, दुसरा झोतापासून दूर कोपऱ्यात.

"काय करून राहिली, जुई?" आई हसली.

थोड्याच वेळात खुर्चीवरचा रुमाल खडखडीत वाळला. कोपऱ्यातला ओलाच होता.

"एसी हवेतली आर्द्रता (हवेतली वाफ) काढून घेतो," गुंडू म्हणाला. "कोरडी हवा, त्यात जोराचा झोत. पाणी उडणारच."

"रुमालाचं झालं, तेच आईच्या डोळ्यांचं!" जुई ओरडली.

खापेकर साहेब आले. "हे पोरखेळ इथे नकोत."

"मग साहेब, तुम्हीच बसा तिथे," जुई म्हणाली. "धूर शोधा."

साहेब बसले, ऐटीत. पण जरा वेळानं डोळे चोळू लागले. "बापा रे! मॅडम, रोज कशा बसता इथे?"

"मान दिला होता ना," आई म्हणाली, "नाही कसं म्हणणार?"

साहेब ओशाळले. त्यांनी आईचा पडदा कोपऱ्यात हलवला, झोत भिंतीकडे वळवला आणि हवेत ओल राखायचं काम गुंडूवर सोपवलं.

"पण सोमवारचं काय?" जुईनं विचारलं. ती जागची हलेना.

"सोमवारी मॅडम काम करतील. मग बघू."

सोमवारी मेळघाटाच्या चित्रात केसाएवढी करडी रेघ उमटली. "धूळ असेल," साहेब म्हणाले. आईनं दोनदा पापण्या मिटल्या, पुन्हा पाहिलं. "धूळ नाही, साहेब. धूर आहे. सोडा ड्रोन!"

आग गवतातच विझली. साहेबांनी आपला हुकूम मागे घेतला आणि चंद्रपूरच्या नव्या केंद्राचा नकाशा टेबलावर पसरला. "जुई, इकडे ये. झोत कुठे नको, ते आधी सांग."